अठ्ठावीस हजार चारशे चाळीस

रोसारियोच्या धक्क्यावर सोयाबीन तोलणारा आमचा प्रोग्राम
कुठल्याच फाइलमध्ये नव्हता.
तो एका इमेजमध्ये राहायचा, चालत्या-बोलत्या ऑब्जेक्टांसकट,
उघड्या खिडक्यांसकट.
नेलिदा रोज संध्याकाळी सगळं जसंच्या तसं जतन करायची
आणि सकाळी त्यातूनच दिवस लागायचा,
कालच्या विरजणावर आजचं दही.
सव्वीस वर्षं.
मूळ दूध कुणाचं, आता कुणाला ठाऊक.

मग इरिनेओ कामाला आला, म्हणजे आला नाहीच,
पायसांदूला दुसऱ्या नदीच्या काठी बसून राहिला.
म्हणाला, तुझी एक इमेज, माझी एक.
तुझ्या जगात काय बदललं ते माझ्या जगाला कोण सांगणार?
अख्खं जग पेनड्राइव्हवर किती दिवस धाडायचं?
गिट आणू.

गिटला ओळी कळतात.
ही ओळ गेली, ही आली, अमक्याने आणली, इतक्या वाजता.
काट्यावर चढणारा ट्रक त्याला कळत नाही,
ट्रक म्हणजे काय, हे लिहून दिलं तर कळतं.

तर जुलैच्या तीन रात्री आम्ही इमेज उसवत बसलो.
पारानावरून गार वारा, हीटर अर्धवट,
एकेका क्लासची फाइल, एकेक मेथड वेगळी काढलेली.
नेलिदा मातेचा भोपळा हातात धरून बघत होती.
माणसाचा दाखला काढताय, म्हणाली,
काढा. माणूस इथेच राहतोय.

चौथ्या दिवशी इरिनेओने आणि मी
एकाच मेथडला हात लावला: ओलाव्याची तूट.
त्याने अपूर्णांक वर ढकलला, मी खाली.
गिटने दोघांच्या ओळी समोरासमोर उभ्या केल्या,
मधे बरोबरच्या चिन्हांची भिंत घातली
आणि निवाडा न करता गप्प बसलं.
पाऊण तास फोनवर भांडलो.
पण भांडण नक्की कुठल्या ओळीवर आहे
हे त्या कचेरीत पहिल्यांदाच कळलं.

राहिली डाव्या कोपऱ्यातली खिडकी.
डीबगर. आन्सेल्मोचा.
वजन मधेच उडी का मारतं ते बघायला
त्याने एक ट्रक तोलता तोलता थांबवला होता,
आणि जेवून येतो म्हणून गेला तो इस्पितळातून परतला नाही.
अकरा वर्षं तो ट्रक काट्यावर.
नेलिदा खिडकी जरा सरकवायची, काम करायची,
संध्याकाळी तिच्यासकट जतन करायची.

हे कुठे कमिट करायचं? इरिनेओने विचारलं.
कुणी उत्तर दिलं नाही.
रिपॉझिटरीतून नवी कोरी इमेज उभी केली.
सगळं आलं. चाचण्या हिरव्या.
कोपरा मोकळा.
छान आहे, नेलिदा म्हणाली, स्वच्छ आहे,
सामान हलवल्यावर खोलीला म्हणतात तसं.

जुनी इमेज बंद करायच्या आधी तिने ती खिडकी पुढे ओढली,
एकावर एक अडकलेल्या मेथडांची नावं
वरून खाली, सावकाश वाचली,
आणि ‘पुढे चालू’ दाबलं.
सेकंदही लागला नाही.
खिडकी गेली.

फाटकावरून फोन.
प्रिंटरमधून पावती आलीये, वाउटारो म्हणाला,
अठ्ठावीस हजार चारशे चाळीस किलो, तारीख आजची,
काट्यावर तर चिटपाखरू नाही. काय करू?
जाऊ दे त्याला, नेलिदा म्हणाली. फाटक उघड.

सवयीने मी गिटला विचारलं, काय बदललं?
कमिट करण्यासारखं काही नाही, ते म्हणालं.

वाउटारोने दांडा खरंच वर केला का,
विचारायचं राहून गेलं.